करंगळी बरी आहे, असं मी सांगितलं

उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही. मला सांगायची सवयच नाही. घरात चार माणसं बोलत बसली की मी चुलीपाशी ऐकत असते. कुणी मला विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाय", एवढ्यावर माझं भागतं.

आमच्या दोन म्हशी. थोरली गरीब आहे, कुणीही खाली बसावं, ती पान्हा सोडते. धाकटी मात्र माझ्या हाताशिवाय सड धरू देत नाही. अंगठा आत दुमडायचा, सड त्याच्यावर दाबायचा आणि खाली ओढायचं, अशी आमच्याकडची धार काढायची रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारा माझ्याकडे. त्याच अंगठ्यात आधी मुंग्या आल्या, मग शेजारच्या दोन बोटांत. धार निम्मी झाली की थांबून हात झटकावा लागायचा. धाकटी मान वळवून बघायची.

एके सकाळी भरलेली चरवी हातातून सुटली. सगळं दूध शेणात. आमचे मालक दारातच दात घासत उभे होते.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. घसरली."

"घसरली कशी? धरलीस का न्हाईस?"

मी धरलीच होती. पण धरलीय का नाही हे हाताला कळलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना बोटं दाखवली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. करंगळीचं मात्र काही बोलले नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हीही तेव्हा बधिर व्हायला लागली होती. पण त्याचं कारण मला वेगळं वाटत होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी चौथी शिकले. मुलीचं लग्न झालं तेव्हा तिच्या कॉलेजच्या वह्या घरात राहिल्या. बऱ्याच वह्यांची मागची पानं कोरी. ती कोरी पानं बघून मला राहवेना. दुपारी जेवणं झाली, घर आडवं झालं की मी वैरण टाकायच्या निमित्ताने गोठ्यात जायची, गव्हाणीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर वही ठेवायची आणि लिहायची. काय लिहायची, तर असंच. थोरली म्हैस पाण्यात बसली की कशी डोळे मिटते ते, शेजारणीची भांडणं, आईच्या हातचं हुलग्याचं माडगं. लिहिणं थोडं आणि विचार करणं फार. पेन बोटांत तसंच ठेवून हनुवटी हातावर टेकवायची आणि कोपर त्या सिमेंटच्या कडेवर. तासतासभर. करंगळीतली मुंगी त्या कोपरातूनच यायची, हे मला कुणी न सांगता कळलं होतं. कोपर उचललं की जरा जायची, टेकवलं की परत यायची.

म्हणजे करंगळीचं सांगितलं की कोपराचं सांगावं लागणार, आणि कोपराचं सांगितलं की वहीचं. मेले तरी सांगणार नव्हते.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टर वयाने लहान होते, कन्नड बोलणारे, पण मराठी समजणारे आणि मोडकंतोडकं बोलणारेही. आमच्या मालकांचं कन्नड पक्कं. त्यांनी माझा आजार सगळा स्वतःच सांगितला, स्वतःच्याच हाताची बोटं दाखवून. डॉक्टर ऐकत होते पण बघत माझ्याकडे होते.

"आक्का, तुमी सांगा. रात्री जाग येते?"

"व्हय."

"हात झटकला की बरं वाटतंय?"

"व्हय."

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटाला टाचणी हळूच टोचली. "कळतंय?" अंगठ्याला मी नाही म्हणाले. दुसऱ्या बोटाला नाही. तिसऱ्याला नाही. मग जरा वेळ गेला.

"करंगळीला कळतंय काय आक्का?"

टोचलेलं मला कळलं नव्हतं. पण त्यांचा हात हलल्याचा आवाज आला होता.

"कळतंय. करंगळी बरी हाय."

एवढं लांब वाक्य मी त्या दवाखान्यात पहिल्यांदा बोलले आणि तेच खोटं.

मनगटात एक बारीक बोगदा असतो, त्यातून नस जाते, ती तिथं दबलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात बधिर करून तळव्याला छोटा छेद द्यायचा, नस मोकळी करायची आणि त्याच दिवशी घरी. जायच्या आदल्या दिवशी बांगड्या काढायच्या होत्या. सासूबाईंनी बांगडी फोडू दिली नाही. साबण लावून एकेक सरकवून काढली आणि हात मोकळा नको म्हणून हळदीत बुडवलेला दोरा कोपराच्या वर बांधला. नर्सने तो बघितला आणि काही न म्हणता तसाच ठेवला.

ऑपरेशन झालं. हाताला पट्टी. धार कोण काढणार? थोरलीला मालक बसले. धाकटीने मात्र त्यांना बघितल्याबरोबर लाथ झाडली. दोन वेळा चरवी उडाली. तिची कास तटतटली आणि ती हंबरून गल्ली गोळा करायला लागली.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "हिची साडी गुंडाळ. वासानं तर उभी ऱ्हाईल."

"मी? साडी?"

"मग काय म्हशीला नेसवू?"

माझी गोठ्यातली जुनी साडी, शेणाचे डाग पडलेली, मालकांनी लुंगीसारखी गुंडाळली आणि पदर डोक्यावरून घेतला. मी गव्हाणीपाशी म्हशीच्या तोंडासमोर उभी. पदराआडून मिशा दिसत होत्या. धाकटीने त्यांचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, परत त्यांचा वास घेतला आणि पान्हा सोडला. मी तोंडाला पट्टीचाच हात लावून हसले. सासूबाई तर भिंतीला धरून खाली बसल्या. दूध न्यायला आलेली शेजारीण दारातून डोकावली तेव्हा मालक चरवी टाकून पळाले आणि पुन्हा सगळं दूध शेणात गेलं.

टाके काढल्यावर आठवड्याभरात अंगठा जागा झाला! अंगठ्याला गरम-गार कळायला लागलं. मग शेजारचं बोट, मग मधलं. मी दिवसभर काही ना काही चाचपत बसायची: ज्वारीचं पीठ, खडीसाखर, म्हशीचं शिंग, साडीचा काठ. पिठात भुसकट किती आहे ते बोटाला कळलं, त्याचं मला इतकं नवल वाटलं की मी दोनदा पीठ चाळलं.

आणि त्याच दिवसांत करंगळी बिघडली. ती आणि शेजारचं बोट आत वळायला लागलं, सरळ होईना. करंगळी तर पोळपाटाला लागली तरी कळत नव्हतं. कुलपात किल्ली फिरवायला गेले तर किल्ली बोटांत ठरेना. एके दिवशी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला भाग आरशासमोर धरला. डाव्या हाताला तिथं मांसाची गादी आहे. उजव्या हाताला खळगा पडला होता.

मालकांनी तो खळगा बघितला आणि त्यांचं डोकं तापलं.

"ऑपरेशन करून हात वाळवला की तुझा! उद्याच जातो. चारचौघांत इचारतो त्याला."

"नको."

"नको काय? बधिर करायची सुई कुठंतरी चुकीची मारली असंल."

रात्रभर मला त्या डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. टाचणी धरून थांबलेला. त्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं नव्हतं. आणि उद्या माझा नवरा दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसांपुढे त्यांची अब्रू काढणार होता. सकाळी मी गाडीवर त्यांच्या मागे बसले.

दवाखान्यात दहा-बारा माणसं होती. मालक नंबराची वाट न बघता सरळ आत शिरले. दार उघडंच.

"डॉक्टर, हे काय केलं तुमी? हात बरा करा म्हटलं तर निम्मा घालवला की!"

डॉक्टर उठून उभे राहिले. "बसा. काय झालं ते तर सांगा."

"बसत न्हाय. बघा हा हात. करंगळी आधी चांगली होती."

बाहेरची माणसं माना वाकड्या करून बघायला लागली. डॉक्टरांचे कान लाल झाले होते. आणि माझ्या तोंडातून आवाज आला. एवढा मोठा की मालकही गप्प झाले.

"चांगली नव्हती. करंगळी आधीच बधिर होती. मी खोटं बोलले."

मालक माझ्याकडे बघत राहिले. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. कोपर टेकवलं की मुंग्या येतात, किती दिवसांपासून येतात, गव्हाणीच्या कडेला टेकवते, सगळं सांगितलं.

"गव्हाणीला कोपर टेकवून काय करता आक्का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहिते."

"काय लिवतीस?" हे मालक.

"असंच."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि मोठ्याने हसले. मग त्यांनी माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत एक कागद दिला. "घट्ट धरा हां." त्यांनी ओढला. मी जीव खाऊन धरला होता, तरी अलगद निसटला. मग कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, त्यांनी बोटाने टिचकी मारली. करंगळीपर्यंत करंट गेल्यासारखं झालं आणि मी खुर्चीतून उडाले.

"दोन नसा आहेत," ते म्हणाले. "एक मनगटात दबली होती, ती मोकळी झाली. दुसरी इथं कोपरात दबलीय. मी विचारलं होतं तुमाला. पण हा कागद मी त्या दिवशीच धरायला द्यायचा होता, ते माझंबी राहिलं."

"दोन ठिकाणी?" मालक आता खाली बसले होते. "म्हंजे ठिबकच्या एका नळीवरचा दगड काढला आणि दुसऱ्या नळीवर तसाच ऱ्हायला."

"तसंच."

"काढला तर पाणी जाईल काय?"

डॉक्टरांनी माझ्या हातावरचा खळगा अंगठ्याने दाबून बघितला. "उशीर झालाय. अजून उशीर केला तर हे मांस परत भरणार न्हाय आणि बोटं अशीच वाकडी राहतील. आता केलं तर आशा आहे. खात्री देत न्हाय."

आधी बेळगावला जाऊन नसांची तपासणी करायची होती. बसमध्ये मालक संकेश्वरपर्यंत खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होते. मग हळूच वळले.

"माझ्याबद्दल काय लिवलंस?"

"काय न्हाय."

"साडीचं लिवलंस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"लिवलंसच! खोडून टाक ते."

"पेनानं लिवलंय."

त्यांनी कपाळाला हात लावला. पण हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर परत विचारलं, "म्हस फसली कशी, ते बरोबर लिवलंयस न्हवं?"

बेळगावात टिळकवाडीतल्या दवाखान्यात तपासणी करणारी बाई होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिने हाताला गार चिकट असं काहीतरी लावलं, वायरी चिकटवल्या आणि म्हणाली, "आता थोडे झटके बसतील. लाजू नका. ओरडावं वाटलं तर ओरडा, हितं सगळी ओरडतात." पहिला झटका मनगटाला. माझं बोट आपोआप उडालं! मी न हलवता माझंच बोट हलतंय, हे बघून मला भीतीपेक्षा मजाच वाटली. दुसरा झटका कोपराच्या वर बसला आणि मी "आई गं!" म्हणून अशी ओरडले की दार ढकलून मालक आत.

"बाहेर बसा हो," ती बाई म्हणाली. "तुमची मंडळी चांगली ओरडत्यात."

मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. मनगटाची लाट वर जाऊन खाली येत होती, छान उंच. "हे तुमचं पहिलं ऑपरेशन. चांगलं झालंय." मग कोपराची दाखवली. कोपराच्या खालून झटका दिला तर लाट निदान दिसत होती. वरून दिला तर पार बसलेली, उशिरा उठलेली, जणू चालून चालून दमलेली. "हितं अडकलंय बघा," तिने माझ्या कोपरावर बोट ठेवलं. एवढे महिने मी जे मनात दाबून ठेवलं होतं ते पडद्यावर रेघ होऊन दिसत होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मला तर ती रेघ परत एकदा बघायची होती. तिने दाखवलीही.

दुसरं ऑपरेशन निपाणीच्याच डॉक्टरांनी केलं. साडी परत बाहेर आली. ह्या वेळी मालकांनी गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.

टाके निघाले तरी करंगळी होती तशीच. मी रडकुंडीला आले. डॉक्टरांनी कोपरापासून खाली हळूहळू टिचक्या मारत आणल्या. कोपराच्या जरा खाली एका जागी मुंगी सळसळली.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

मी आधी डोळे मिटले, नीट बघितलं. "कळलं. करंगळीत गेल्यासारखं वाटलं. खरंच कळलं."

"ही जागा आता थोडी थोडी खाली सरकायला पाहिजे. लई हळू. महिने लागतील. रोज बघा, पण घाई नको."

"म्हंजे बेळगावास्नं बस सुटली म्हणा की," मालक म्हणाले.

घरात त्या दिवसापासून तो खेळच झाला. कोपर म्हणजे बेळगाव, त्याच्या जरा खाली काकती, मध्यावर हत्तरगी, मनगट म्हणजे संकेश्वर, तळव्याचा करंगळीकडचा फुगीर भाग तवंदीचा घाट आणि करंगळीचं टोक निपाणी. सकाळी चहा पिताना मी टिचक्या मारायची आणि सगळे चहा थांबवून बघायचे.

"आज गाडी कुठं आली गं?" सासूबाई विचारायच्या.

"काकतीतच हाय, आत्ती."

"काल बी काकतीतच होती. पंक्चर झाली काय?"

मग एके दिवशी हत्तरगी! मी ओरडले. एवढी ओरडले की थोरली म्हैस उभी राहिली. मालकांनी शेजाऱ्याला कुंपणावरून सांगितलं, "गाडी हत्तरगीला आली," आणि त्या बिचाऱ्याने विचारलं, "कोण येणार हाय?"

लिहिणं थांबवायला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, कोपर टणक जागी टेकवायचं नाही आणि फार वेळ वाकवून ठेवायचं नाही. मी त्या दुपारी गोठ्यात गेले तर गव्हाणीच्या कडेवर जुन्या वाकळीचा तुकडा चौपदरी घडी करून, सुतळीने घट्ट बांधलेला. सासूबाई तिथंच वैरण तोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लिव्ह. पर माझं काय लिवलंयस ते वाचून दाखव. मला काय वाचता येत न्हाय, मग मी कशी इसवास ठेवू?"

मी वाचून दाखवलं. त्या वैरण तोडायच्या थांबल्या नाहीत. एका ठिकाणी फक्त म्हणाल्या, "तो शब्द मी बोलले नव्हते. त्याहून वाईट बोललेले." मी तो बदलला.

गाडी संकेश्वरला आली तेव्हा उसाचा हंगाम संपत आला होता. मनगटाखाली मात्र ती दिसेनाशी झाली. रोज टिचकी मारायची आणि काहीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, खात्री नाही. चहाच्या वेळी कुणी विचारेनासं झालं. सासूबाई विषय बदलायच्या.

परवा सकाळी मी भाकरी टाकत होते. तव्याच्या कडेला हात लागला, तळव्याची करंगळीकडची बाजू. आणि भाजलं.

"भाजलं!" मी किंचाळले. "आत्ती, भाजलं! भाजलं मला!"

सासूबाई तांब्या घेऊन धावल्या आणि मला हसताना बघून जागेवरच थांबल्या. "भाजल्यावर कोण हसतंय गं? डोक्यावर परिणाम झाला काय?"

मालक अर्ध्या दाढीनेच आले. माझा हात धरून त्यांनी ती लाल झालेली जागा बघितली. "घाट!" ते म्हणाले. "घाट चढली की गं!" त्यांच्या गालावरचा फेस माझ्या मनगटाला लागला.

मी त्यांच्या खिशातला फोन मागितला. मी कधी कुणाला आपणहून फोन करत नाही, मुलीलाही मालकच लावून देतात. त्यांनी नंबर काढून दिला. डॉक्टरांनी उचलल्यावर मला एकदम कोण बोलतंय तेच सांगता येईना.

"डॉक्टर, मी. खोटं बोललेली."

पलीकडे ते हसले. "बोला आक्का."

"करंगळीखाली भाजलं. कळलं मला. लगेच कळलं, बघायच्या आधी."

"अरे वा! आणि करंगळीला?"

"बुडाला जरा कळतंय. टोकाला अजून काय न्हाय."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. आधी तो हात गार पाण्याखाली धरा. फोन ठेवा आणि धरा."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हात खाली धरला. पाणी सकाळचं, गार. भाजलेल्या जागेला ते झोंबत होतं. तिथून करंगळीकडे वर चढत ते पहिल्या पेरापर्यंत गार लागत होतं. त्याच्या पुढचं बोट नुसतं ओलं दिसत होतं. बाहेर मालक कुणाला तरी मोठ्याने सांगत होते. तवा करपल्याचा वास यायला लागला होता. मी नळ बंद केला नाही. डोळे मिटून, पाणी नेमकं कुठं गार लागायचं थांबतं ती जागा डाव्या हाताच्या नखाने धरून ठेवली.